आईचे नाव

बाळंतपणाचं इस्पितळ साथीच्या रोग्यांसाठी रिकामं करताना कपाटातल्या पट्ट्या तेवढ्या मागे राहिल्या. नव्या बाळाच्या मनगटाला बांधायच्या त्या पट्ट्यांवर एकच ओळ छापलेली होती : आईचे नाव.

आता त्या मेलेल्यांना लागत. मोठ्यांच्या मनगटाला पुरायच्या नाहीत, म्हणून आया हौसाबाई पायाच्या अंगठ्याला बांधायची. छापलेल्या ओळीवर सिस्टर मेलेल्याचं नाव लिहून द्यायच्या. हौसाबाईला सहीपुरतंच लिहिता यायचं.

सकाळी पाच नंबरचा म्हातारा गेला. त्याला फाटकाशी कुणीतरी सोडून गेलं होतं. तीन दिवस तापात "आये, आये" एवढंच बोलला होता.

"सिस्टर, याचं नाव?"

"कुणालाच ठाऊक नाही, मावशी. कोरीच बांधा, गाडी खोळंबलीय."

वीस वर्षांत हौसाबाईने कोरी पट्टी कुणालाच बांधली नव्हती. तिने टेबलावरचं पेन उचललं आणि 'आईचे नाव' या शब्दांपुढे, एकेक अक्षर दाबत, आपली सही केली.

संध्याकाळपर्यंत असेच आणखी तिघे गेले. तिघांच्याही अंगठ्यावर हौसाबाईचंच नाव होतं.