आधी डावा पाय

"आजी, एआयकडून या फोटोला नाचवून घेऊ?" नातीने विचारलं, आणि आजीने फोटो जवळ ओढला. लहानपणीच गेलेल्या धाकट्या बहिणीचा तो एकच फोटो उरला होता. चेहरा तिचा आणि नाच भलत्याच कुणाचा निघाला, तर आठवणीतली धाकटीसुद्धा हातची जायची.

"तो तिला कुठे ओळखतो गं?"

"ओळखायला कशाला हवं? तो आपल्या मनाने नाचवतो."

पडद्यावर धाकटी हलली आणि तिने आधी डावा पाय टाकला. आजीने तोंडावर हात ठेवला. शाळेच्या नाचात सगळ्या मुली उजव्या पायाने सुरुवात करायच्या. ही एकटी डाव्याने, आणि वर 'तुम्हीच चुकलात' म्हणायची!

एक गिरकी घेऊन धाकटी थांबली. गाणं चालूच होतं. कमरेवर हात ठेवून ती समोर बघत राहिली.

"अडकलं वाटतं. पुन्हा करू?"

"अडकलं नाही गं. माझ्याशिवाय पुढे कधी नाचलीय ती?"

आजी हसत उठली. तिने काठी भिंतीला टेकवली आणि उजवा पाय उचलला.

पडद्यावर धाकटीने जोरजोरात मान हलवली आणि आपल्या डाव्या पायाकडे बोट दाखवलं.