चार बोटं वर

अल्केताच्या मांडीवरून कात्री सटकली आणि फरशीवर खणकन पडली. एंतेला दचकून आरशापासून मागे झाली.

"हलू नकोस, टाचण्या टोचतील," अल्केता म्हणाली. "ही चड्डी अजून चार बोटं वर घेते. बेंबीपर्यंत आलं की झालं."

"लुआन ओळखेल, वहिनी."

"ओळखू दे. चित्रपट जुन्या काळचा आहे ना? तेव्हा आतले कपडे असेच उंच असायचे म्हणावं."

दिग्दर्शक लुआनला आज संध्याकाळपर्यंत होकार हवा होता.

तिराना शहरात एंतेलाला न ओळखणारं माणूस मिळणं कठीण. एकोणिसाव्या वर्षी ती कापडी सशाला मांडीवर घेऊन टीव्हीवर मुलांचा कार्यक्रम करायची. मग नाटकं. मधलं एक वर्ष इटलीत, बारीला, तेव्हा तिथे असलेल्या भाऊ-वहिनीकडे राहून अभिनय शिकली आणि परत आली ती सकाळच्या कार्यक्रमासाठी. आता सगळं शहर तिच्यासमोर बसून कॉफी पीत होतं. चित्रपट मात्र एकही नाही. विचारलं दोनदा, आणि दोन्ही वेळा मध्ये समुद्र आला. आपल्याकडे नायिकेला पोहायला लावल्याशिवाय दिग्दर्शकांना करमत नाही. एंतेलाने दोन्हीकडे नाही म्हटलं. मासिकांनी कौतुक केलं, उत्तरेकडच्या कर्मठ घरातली मुलगी, इतकी नावारूपाला आली तरी लाज सोडली नाही.

लुआनची भूमिका कोळ्याच्या बायकोची होती. नवऱ्याची होडी परतत नाही, तेव्हा ती काठावर झगा उतरवून पाण्यात शिरते. संहिता वाचताना एंतेला रडली होती. तरी दोन आठवडे तिने उत्तर दिलं नाही. लुआनने फोनवर टोमणा मारला, समुद्रात जायचंय बाई, सासरी नाही. आणि पस्तिशीनंतर नायिका मिळत नाही, नायिकेची आत्या मिळते.

आत्या ती होतीच. बाहेर गॅलरीत भावाची मुलगी क्लेआ शेजारच्या आजीला आपल्या जन्माची गोष्ट सांगत होती. तोंडात कलिंगड. बारीचं हॉस्पिटल, मी आत आडवी बसलेली, डॉक्टरांनी पोट कापून काढलं, आणि बाबाच चक्कर येऊन पडले. आजीने ती शंभरदा ऐकली असेल, पण दर वेळी नव्याने हळहळायची, बिचारी तुझी आई.

अल्केताने ओठांत टाचण्या धरल्या होत्या. त्या काढून तिने एकेक कापडात खोचली.

एंतेलाचे कपडे टीव्हीच्या स्टुडिओत कधी बेतले गेले नाहीत. सगळं अल्केता शिवायची, याच खोलीत, कडी लावून. स्टुडिओतल्या शिंपिणी म्हणायच्या, नखरे आहेत. एंतेला हसून सोडून द्यायची.

"हा चित्रपटही सोडलास तर मला झोप लागायची नाही," अल्केता म्हणाली. "माझ्यापायी सोडला असं वाटत राहील."

"तुझ्यापायी कसा?"

अल्केताने दाताने दोरा तोडला. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि कॉफी ठेवते म्हणत बाहेर गेली.

एंतेला आरशात बघत राहिली. मग स्पीकर चालू करून लुआनला फोन लावला आणि तो पलंगावर टाकला. टाचण्यांमुळे तिला दोन्ही हातांनी कंबर धरून उभं राहावं लागत होतं.

"येते मी," ती म्हणाली.

पलीकडे लुआन इतका मोठ्याने हसला की तिलाही हसू आलं. वलोराच्या समुद्राचं पाणी गार असतं, तो सांगू लागला, आतापासून थंड पाण्याने अंघोळ कर, मी आजच निर्मात्याला कळवतो.

किती झाकलं जातंय ते बघावं म्हणून तिने नवी पट्टी खाली दुमडली, पुन्हा वर ओढली, पुन्हा दुमडली. नीट जमलं होतं.

दार करकरलं. कॉफी आली असेल, तिला वाटलं.

क्लेआ होती. हनुवटीवरून कलिंगडाचा रस गळत होता. ती जवळ आली, टक लावून बघत राहिली आणि मग चिकट बोट तिच्या बेंबीखाली अगदी हलकेच टेकवलं, दुखू नये तसं.

"आत्या, पोट तर आईचं कापलं होतं ना? मग शिवण तुझ्या पोटावर कशी?"