सात दहाची बोट

सात वाजून चार मिनिटं झाली होती आणि बाबांचा पत्ता नव्हता. बोट सुटायची होती सात दहाला. बोटीची कॅप्टन होती त्यांची मुलगी, आणि कॅप्टन म्हणून तिची ही पहिलीच फेरी होती.

तिच्या केबिनबाहेर, वरच्या डेकवर, आई, दादा आणि आत्या कठड्याला चिकटून धक्क्याकडे डोळे लावून उभे होते. आईने बाबांना फोन लावला. तो तिच्याच पिशवीत वाजला. बाबा विसरतील म्हणून सकाळी तिनेच उचलून ठेवला होता. दादा शर्टाची बाही रुमालाने खसाखसा पुसत होता. धक्क्यावरच्या पाटीला टेकून उभा राहिला होता तो, आणि पाटीचा रंग ओला होता.

"सकाळी सकाळी पाटी कुठल्या गाढवाने रंगवली?" तो करवादला. त्याच्याकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ नव्हता.

पाट्या रंगवणं हा खरं तर बाबांचा धंदा. अक्षर असं की बघत राहावं. पण पाटी हातात पडेपर्यंत नवं दुकान जुनं व्हायचं. एका हॉटेलवाल्याला तर ती हॉटेल बंद पडल्यावर मिळाली. सगळं गाव त्यांना 'आलोच' म्हणायचं, कारण निघताना ते तेवढंच बोलायचे. स्वतःच्या लग्नालाही ते पाहुण्यांच्या मागून पोहोचले होते. मुलगी सात वर्षांची असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये फुलपाखरू झाली, तेव्हा पंख फडफडवत ती सगळा वेळ प्रेक्षकांत त्यांनाच शोधत राहिली. ते आले तेव्हा पडदा पडला होता. त्यांनी पडद्यासाठी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. सगळे हसले, ती मात्र ते कधी विसरली नाही. आज तरी त्यांनी तिला बघावं, एवढंच तिला हवं होतं.

आणि आज उजाडताच बाबा रंगाचा डबा घेऊन बाहेर पडले होते. "बारीकसं काम आहे, उरकून आलोच," म्हणाले होते.

"अगं, मी तर त्यांना सहाची बोट सांगितली होती," आई म्हणाली.

"सहाची?" आत्या दचकली. "मी साडेपाचची सांगितली."

दादाने बाही पुसणं थांबवलं. "आणि मी घरातलं घड्याळ पाऊण तास पुढे केलंय."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. या हिशोबाने बाबांनी पावणेपाचलाच, मिट्ट काळोखात, धक्क्यावर हजर व्हायला हवं होतं. आत्याला हसू फुटलं. मग आईलाही. रडावं की हसावं कळेना, म्हणून तिघंही कठडा धरून हसत सुटले.

सात नऊला म्हातारा खलाशी केबिनच्या दारात आला. त्याने सगळं ऐकलं होतं. "पाच मिनिटं थांबू या, कॅप्टन. वडील आहेत. कुणी काही म्हणणार नाही."

तिने धक्क्याकडे एकदा बघितलं. धक्का रिकामा होता.

"दोनशे माणसं बसलीत, काका. पलीकडे त्यांचीही कुणीतरी वाट बघत असेल," ती म्हणाली. "दोर सोडा."

सात दहा. भोंगा वाजला. बोट धक्क्यापासून सुटली.

"बापाला टाकून निघाली!" आईने कपाळावर हात मारला.

मुलीने डोळे पुसले आणि आता बघायलाच हवं म्हणून समोर बघितलं. सकाळपासून सगळे धक्क्याकडेच बघत होते. पुढे कुणी बघितलंच नव्हतं. तिथे, खालच्या डेकवर, पहिल्या बाकावर एक ओळखीचं टक्कल चमकत होतं. मांडीवर रंगाचा डबा होता. टक्कल मागे वळलं आणि वर बघून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवू लागलं.

काही कारण नसताना तिने पुन्हा भोंगा वाजवला. मग आणखी एकदा. खलाशी धावत आला आणि तिचा चेहरा बघून हसत परत गेला.

तिघंही धडाधड जिना उतरून खाली पोहोचले. "अहो, तुम्ही? वेळेवर?" आई धापा टाकत ओरडली. "कधीपासून बसलात इथे?"

"साडेसहापासून. धक्क्यावरची पाटी पुसट झाली होती, ती रंगवली आणि बसलो," बाबा म्हणाले. "सात दहा. बोट कुणासाठीही थांबणार नाही. झकास आलंय अक्षर."

दादाने बाही पाठीमागे लपवली.

"वर येऊन सांगायचं तरी! जीव टांगणीला लागला आमचा. आणि तिने तुमच्यासाठी बोट थांबवली असती म्हणजे?"

"मग उतरून घरी गेलो असतो."

"पण मी तर सहाची सांगितली होती..."

"तू सहा म्हणालीस की मी सात धरतो. ताई साडेपाच म्हणाली की साडेसहा. हा घड्याळ पुढे करतो, ते वेगळं. तीस वर्षं तुमच्या वेळा सरळ करता करता उशीर होतो मला." बाबांनी वर केबिनकडे बघितलं. "काल जेवताना ही म्हणाली, बाबा, सात दहा म्हणजे सात दहा, आणि मी थांबणार नाही. या घरात पहिल्यांदा कुणीतरी मला खरी वेळ सांगितली. तिला उशीर कसा करू?"