बाळाची आंघोळ

"वहिनी, त्या बाहुलीला आता 'बाळ' म्हणणं सोडा. घरात खरं बाळ आलंय, एखाद्या दिवशी घोटाळा होईल," असं नणंद म्हणाली होती. वहिनीनं ते हसण्यावारी नेलं. "लेकीला फरक कळतो हो. तुमच्या दादालाच कळत नाही कधीकधी."

आज लॅपटॉपवर ऑफिसची मीटिंग रंगली होती. आठ महिन्यांचा धाकटा तिच्या खुर्चीमागे चटईवर खुळखुळा चोखत होता. पाच वर्षांची लेक मागूनच कुजबुजली, "आई, बाळाला आंघोळ घालू?"

बाहुलीची आंघोळ रोजचीच. तिनं माइकवर हात धरला. "घाल, पण पाणी सांडू नकोस."

थोड्या वेळानं तिनं पाय लांब केले, तर पायाला काहीतरी मऊ लागलं. टेबलाखाली बाहुली पडली होती. मागे वळून पाहिलं, तर चटईवर नुसता खुळखुळा.

ती उठून धावली. बाथरूम चार पावलांवर, पण ती चार पावलं सरता सरेनात. धाकटा कोरड्या टबात बसून टाळ्या वाजवत होता आणि लेक दोन्ही हातांनी गरम पाण्याच्या नळाशी झटत होती. 'प्लंबरला बोलवा' म्हणून महिनाभर ती नवऱ्याच्या मागे लागली होती, तोच हा नळ.

"आई, हा किती घट्ट आहे बघ. तू उघडून दे ना."



पुढचं काही वाचायच्या आधी, तुमच्या घरातलं बाळ आत्ता कुठे आहे, तेवढं उठून बघून या.