कुहीची वर्षं

कुही गावच्या पोस्टातली माझी जुनी नोकरी फौजेच्या सेवेत धरली गेली आणि पगार वाढला. पेढे वगैरे वाटून झाले. आता हे काही झालंच नाही असं समजा, कारण गोष्ट त्याच्या आधीची आहे आणि कामठीच्या कचेरीत हिशेबाचे सुभेदार देवराव मेश्राम मला अजून विचारूनच राहिले आहेत.

“कुहीत पोस्टमन होता ना गा तू? काय करे दिवसभर?”

“प्रेमिला आजीले तिच्या पोराचं पत्र वाचून दाखवत होतो, साहेब.”

“पोरगा पत्र लिहीत होता?”

“नाही जी. बँकेची नोटीस येत होती. तेच पत्र म्हणून वाचायचो. एकदा आजी म्हणे, यात व्याज काहून आलं गा? मी म्हटलं, त्याले तुझी आठवण येऊन राहिली, व्याजासकट.”

“मग?”

“मग त्याच्या वाटणीचं ताट मले वाढायची. पोट भरल्याबिगर उठू देत नव्हती.”

देवरावांनी पेन खाली ठेवला. “आता याले नोकरी कसं म्हणू गा मी?”

मलाही ते पटलं. सबब नम्र विनंती की, कुहीतली वर्षं नोकरीत धरू नयेत. पगार कमी झाल्यास हरकत नाही, मात्र तेवढा काळ मी घरी होतो, अशी सरकारी नोंद व्हावी.