मामांना तिसऱ्यांदा तेल

मामा वारले. मग उठून बसले आणि चहा मागितला, त्यामुळे पहिलं वाक्य घरात कुणी बोललंच नव्हतं, असं सर्वानुमते ठरलं आहे.

माझं लग्न आठवड्यावर आलं होतं, तेव्हा मामांना धाप लागली. आईने फादरना बोलावलं आणि त्यांनी प्रार्थना म्हणून आजाऱ्याला लावायचं पवित्र तेल मामांच्या कपाळाला लावलं. तेल लागताच आईने डोळे पुसले आणि हॉलवाल्याला फोन करून लग्न रद्द केलं. हे तिसऱ्यांदा.

“अहो ताई, हा संस्कार निरोपाचा नाही,” फादर कळवळून म्हणाले. “आजाऱ्याला उभारी यावी म्हणून असतो. मागच्या दोन्ही वेळी सांगितलं होतं.”

“कळतंय हो फादर,” आई हुंदका आवरत म्हणाली. “सोनं झालं दादाचं.”

“साखर कमी आहे गं,” मागून मामा म्हणाले.

तोवर हॉल दुसऱ्या कुणाला गेला होता. माझी होणारी बायको फोनवर शांतपणे म्हणाली, “तुझे मामा आधी जातात की मी, एवढंच आता बघायचंय.”

 

सबब, आदरणीय फादर यांना नम्र विनंती, की बाटलीत उरलेलं तेल कृपया माझ्या लग्नाला लावावं. गेलं दीड वर्ष खरं तर तेच अंथरुणाला खिळून आहे.