भिंतीकडची बाजू

शिवलिंगप्पांनी तिप्पण्णा पाथरवटाला एकच पायरी बदलायला सांगितली होती, सगळ्यात वरची. संध्याकाळी मिलचा भोंगा झाला की ते त्या पायरीवर मधोमध बसत, आणि अलीकडे तिथला दगड त्यांना टोचू लागला होता. म्हणून शहाबादी फरशी आणवली होती.

बाकीच्या पायऱ्यांचं काय, असं तिप्पण्णाने विचारून बघितलं. त्यांना काही झालेलं नाही, शिवलिंगप्पा म्हणाले. वडिलांनी बसवलेल्या पायऱ्या होत्या. त्या झिजल्या असं कसब्यात कुणी म्हणालं असतं, तर त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं असतं.

घरात मात्र ते म्हणून झालं होतं. गेल्या वर्षी सून निंगव्वा पाण्याची घागर घेऊन याच पायऱ्यांवर घसरली आणि तिच्या पोटातलं मूल गेलं. तेव्हा गोजाबाईंनी नवऱ्यापाशी विषय काढला होता.

"मी जन्मभर चढतोय, कदी घसरलो न्हाय," शिवलिंगप्पा म्हणाले होते. "पाय बघून टाकावा माणसानं."

आता निंगव्वाला पुन्हा दिवस गेले होते, आणि घागर त्याच पायऱ्या चढून आणावी लागत होती. गोजाबाई रोज ती वर येईपर्यंत दारात उभ्या राहत. नवऱ्याला पुन्हा सांगायला त्या गेल्या नाहीत. त्याचा हट्ट त्यांना चांगला ठाऊक होता.

तिप्पण्णाने फरशी बसवली. वरचा काढलेला जुना दगड आणि चुन्याची घमेली खालच्या पायऱ्यांच्या मधोमध तशीच ठेवून, भिंतीकडेनं जा असं सगळ्यांना बजावून तो भाकरी खायला बसला.

शिवलिंगप्पा दुकानाला निघाले. भिंतीच्या कडेने ते कधीच उतरले नव्हते. ती बायकांची वाट. थोरला पुरुष पायरीवर बसलेला असो नसो, सुनांनी पदर सावरून भिंतीला लागूनच जायचं, ही घरची रीत. त्यांच्या आईनेही ती मोडली नव्हती. आज मात्र तेवढीच वाट मोकळी होती. दुसऱ्याच पायरीवर त्यांची टाच खोलगट भागात गेली, तिथून सटकली, आणि डोक्यावरच्या रुमालासकट ते थेट गल्लीत आले.

फारसं लागलं नव्हतं. तिप्पण्णा भाकरी टाकून धावला. गोजाबाई दारात आल्या. नवरा हातपाय हलवतोय एवढं त्यांनी बघून घेतलं.

"पाय बघून टाकावा माणसानं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

शिवलिंगप्पांना राग आला. आधी तिप्पण्णाचा, मग गोजाबाईंचा. उठण्यासाठी त्यांनी भिंतीकडे पायरीवर हात टेकला, तर अख्खा तळहात खळग्यात बसला. वरच्या पायरीला तसाच खळगा होता. तिच्या वरच्या पायरीलाही. मधला दगड मात्र सगळीकडे जसाच्या तसा होता. मग राग करायला स्वतःशिवाय कुणी उरलं नाही.

"सगळ्या काढ," ते तिप्पण्णाला म्हणाले.

"आत्ता बसवलेली फरशी बी?"

"ती ऱ्हाऊ दे. बाकीच्या तिच्यागत कर."

पायऱ्या पुऱ्या झाल्या त्या संध्याकाळी भोंगा झाला आणि शिवलिंगप्पा नेहमीसारखे बाहेर येऊन बसले. बसले ते भिंतीला टेकून. निंगव्वा घागर घेऊन आली. सासरे आपल्या वाटेत बसलेले बघून ती खालीच थांबली, ते उठतील म्हणून उभी राहिली. घागर जड होती.

"मधनं ये, पोरी," ते म्हणाले.

सासऱ्याने सुनेशी समोरासमोर बोलायची त्या घरात पद्धत नव्हती. निंगव्वाने दाराकडे बघितलं. दारातून गोजाबाईंनी मान हलवली. मग ती पदर सावरून मधून चढू लागली, नव्या सपाट दगडावर, एकेक पाय बघून टाकत.